जाऊदेबाई

पवननं धुरपाचं तोंड मिटलं. मग पुढच्या फ्रेममधलं मिटलं, मग त्याच्याही पुढच्या. 'भाड्या' म्हणताना ओठ आधी जुळतात आणि मग उघडतात. तो जुळलेल्या ओठांवर थांबायचा आणि तेच ओठ उचलून पुढच्या सहा चित्रांवर चिकटवायचा. नुसता आवाज बंद करून भागत नाही. आवाज गेला तरी ओठ शिवी देतच राहतात, आणि ओठ वाचणारेही लोक असतात, असं यादीत लिहिलं होतं.

यादी मुंबईहून आली होती. सातव्या भागात छत्तीस दुरुस्त्या.

मालिकेचं नाव 'चेकआउट अकरा वाजता'. मोठ्यांसाठीचं कार्टून. लोणावळ्यातला एक बंगला, दर शनिवारी येणारी नवी गिऱ्हाइकं, आणि त्यांच्या बाटल्या, उलट्या, भांडणं सोमवारी झाडून काढणारी धुरपा. धुरपाच्या तोंडाला धरबंध नव्हता. लोक त्या तोंडासाठीच बघायचे. मालिका लिहायचा पवन ओव्हाळ, आणि मुख्य पात्रं काढायचाही तोच. कुठल्या कॉलेजात शिकला नव्हता. फोनवर बघून बघून हात बसला होता, आणि शिकवणारं कुणी नव्हतं म्हणून नको ते सांगणारंही कुणी नव्हतं. आता होतं.

धुरपा म्हणजे त्याची भामामावशी. हे त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं, मुलाखतीतसुद्धा. पण मालिकेत धुरपाला एक बहीण होती. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, आणि काहीही झालं तरी एकच वाक्य, "जाऊ दे बाई." बंगल्याचा पत्रा उडाला, जाऊ दे बाई. मालकानं हिला जिन्यावरून ढकललं, जाऊ दे बाई. पवननं तिला नाव दिलं नव्हतं, लोकांनी दिलं. जाऊदेबाई. तिचे स्टिकर निघाले, ते नवरे बायकांना आणि बायका नवऱ्यांना पाठवू लागल्या. ती कुणावरून काढली ते पवननं कुणालाच सांगितलं नव्हतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मालिका त्यानंतरची. त्यामुळं विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

पस्तीस दुरुस्त्या त्यानं केल्या. छत्तिसावीपाशी हात थांबला.

'चौदा मिनिटं वीस सेकंद ते सोळा मिनिटं पाच सेकंद. कपांचा प्रसंग. पूर्ण काढणे.'

कारणाचा रकाना कोरा होता.

त्यानं अमृताला फोन लावला. अमृता मालिकेची निर्माती, बसायची अंधेरीत.

"पस्तीस झाल्या. छत्तिसावी होणार नाही."

"पवन, प्लीज. लीगलनं लाल करून पाठवलंय ते."

"कारण?"

"भावना."

"कुणाच्या?"

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"तलावात नागडा म्हातारा पोहतो, ते चालतं. सोफ्यावर ओकतात, चालतं. शिवीवर टुं टाकला की शिवी चालते. आणि बाई चहा पिते ते चालत नाही?"

"चहा पिते म्हणून नाही. ती कोण आहे ते कळतं. कशातून पिते तेही कळतं."

"कळावं म्हणूनच काढलंय."

"ओरडू नकोस ना. मी तुझ्याच बाजूची आहे."

"माझ्या बाजूचे सगळे मला हळू बोल म्हणतात."

प्रसंग साधा होता. बंगल्याच्या मालकीणबाई धुरपाला चहा देतात, पण तिचा कप घरात नाही. कान तुटलेला तो कप बाहेर, पाण्याच्या मीटरच्या पेटीत. धुरपा तो पेटीतून काढते, पायरीवर बसून पिते, धुते, परत पेटीत ठेवते. सगळे भाग ती हेच करते, मागे कुठंतरी, कुणाचं लक्ष जाणार नाही असं. आणि सातव्या भागात सोमवार येतो. गिऱ्हाइकं गेलेली, मालकीणबाई मुंबईला. धुरपा दार लावून घेते, मोठ्या पातेल्यात चहा टाकते, शोकेस उघडते आणि सोनेरी काठाचे कप टेबलावर मांडते. बाराच्या बारा. मग एकेका खुर्चीवर बसून एकेका कपातून पिते. करंगळी वर करून. प्रत्येक खुर्चीवर वेगळी बाई होऊन. कप धुऊन, पुसून परत शोकेसमध्ये. शनिवारी मालकीणबाई त्याच कपांतून पाहुण्यांना चहा देतात आणि म्हणतात, "आमच्याकडे स्वच्छतेचं फार आहे बरं."

एवढंच. एक मिनिट पंचेचाळीस सेकंद. अख्खा सीझन त्यानं या पावणेदोन मिनिटांसाठी लिहिला होता.

"एक विचारू?" अमृता म्हणाली. "हे तू रचलंयस की घडलंय?"

"घडलंय."

"नक्की? कारण कल्पना असली की ते म्हणतात मुद्दाम डिवचलं. खरं असलं, आणि त्या बाईंनी स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगितलं, खाली सही केली, तर लीगल ऐकेल. मी ऐकवेन. नाहीतरी तेजल सोमवारी येतेय तुझ्या मावशींना शूट करायला. पडद्यामागची धुरपा. त्यातच विचारून घेऊ."

"विचारा."

"सांगतील त्या?"

"माझी मावशी? तिला गप्प कसं करायचं ते विचार."

फोन ठेवल्यावर खोली नेहमीसारखी झाली. भांगरवाडीतली वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीतून समोरच्या चिक्कीच्या दुकानाची मागची बाजू. आठवडाभर त्याच्याशी बोलायची ती अमृता, आणि खानावळीतला माणूस, तोही "चपाती वाढू?" एवढंच. शनिवार-रविवार गाव माणसांनी फुगायचं आणि त्या माणसांच्या आवाजात तो आणखी एकटा व्हायचा. दिवसभर बायकांचे आवाज काढून बघायचा. भागाच्या कच्च्या आवृत्तीसाठी सगळ्या पात्रांचे संवाद आधी तोच रेकॉर्ड करायचा. धुरपाही तोच, जाऊदेबाईही तोच. आपण आपल्याशीच भांडतो आणि आपणच जाऊ दे म्हणतो, हे त्याला एकदोनदा जाणवलं होतं. मावशीचं भाजे इथून दहा-बारा किलोमीटर. सात महिन्यांत तो तिकडं गेला नव्हता.

कपांची गोष्ट त्याला आईनं सांगितली होती. तो अकरावीत असावा. आई भाकरी थापत होती आणि सांगता सांगता तिनं तव्यावरची भाकरी करपवली होती. "तुझ्या मावशीनं काय केलं ठाऊक आहे का," अशी सुरुवात. पवन पोट धरून हसला होता. दुसऱ्या दिवशी मावशीला विचारतो म्हणाला, तर आई म्हणाली, "नको विचारू. लाजंल ती."

भामामावशी आणि लाजेल. तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं.

आईचं सगळं उलट. ती अंगणवाडीत मदतनीस होती. एका वर्षी नव्या सेविकेनं तिचं खिचडी शिजवणं बंद केलं. तिच्या हातची काही घरं मुलांना खाऊ देत नाहीत, म्हणाली. आईला मैदान झाडायला लावलं. पवन तेव्हा एकोणीस वर्षांचा. तक्रार करू म्हणाला, अर्ज लिहून आणला. आईनं अर्ज वाचला, घडी घातली, डब्याखाली ठेवला. "जाऊ दे बाबा."

"तुला कणाच नाही," तो ओरडला होता. "मावशी बघ. निदान तोंड तरी आहे तिला."

आई दोरीवरचे कपडे काढायला बाहेर गेली होती.

रविवारी दुपारी तो मोटरसायकल घेऊन निघाला. मळवलीचं रेल्वे फाटक बंद होतं. पुढं लेणी बघायला आलेल्यांच्या गाड्यांची रांग. फेब्रुवारी सरत आलेला, खाचरं कोरडी, डोंगर पिवळा पडलेला. वस्तीपाशी पोचला तेव्हा मावशीचा आवाज त्याच्या आधी आला.

"ए फुगलेल्या! आरं आंधळ्या, पापड्या वाळत घातल्यात त्या दिसंनात का? तुज्या बापानं रस्ता बांधलाय का? घे मागं! मागं घे, मुडद्या!"

पांढरी गाडी मुकाट मागं गेली. भामाबाईनं चटईवरच्या पापड्यांना हात लावून पाहिलं, एक मोडली होती ती तोंडात टाकली आणि मग तिचं लक्ष गेलं.

"कोन? पवन्या व्हय? मला वाटलं मतं मागाया आलं कुनी."

"बरी आहेस ना, मावशी?"

"सात म्हैन्यांनी इचारतोस. कुनी मेलं का?"

"कुणी नाही."

"मग बस. पानी पी. वाळलास. कार्टुनं खातोस का काय?"

घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मुलाच्या लग्नातला फोटो, बाजूला आईचा. पवन फोटोकडं पाठ करून बसला. मावशीला सांगितलं, उद्या शूटिंगवाले येणार. तुझ्याकडं.

"माज्याकडं? का, सरपंच केलं का मला?"

"तू धुरपा आहेस म्हणून. कार्टूनमधली बाई. तुझ्यावरनं काढली ती."

"म्हंत्यात खरं समदी, तुजी मावशी मोबायलीत हाय. म्या काय बगितलं न्हाई. आमचा पोरगा म्हनला, आई, तू नको बगू, तुजाच तुला राग यील."

त्यानं लॅपटॉप उघडला. सातवा भाग लावला, कापायच्या आधीचा, पण शिव्यांवर टुं टाकलेला. भामाबाई आधी लांबून बघत होती, मग गुडघे धरत पुढं सरकली. धुरपा पडद्यावर आली तशी हसली.

"दात बरं काडलंस. हाय तसं वाकडं." मग थोड्या वेळानं, "हे टुं टुं काय वाजतंय?"

"तिथं तू शिवी देतेस."

"मग दिऊ दे की. टुं करून काय व्हतंय, समद्यास्नी कळतंय ती काय म्हनली."

जाऊदेबाई आली. मालकाच्या कुत्र्यानं तिचा पदर ओढून नेला, ती त्याच्यामागं चार पावलं गेली आणि म्हणाली, जाऊ दे बाई. भामाबाई हसली नाही. पडद्याजवळ तोंड नेलं.

"ही कोन?"

"अशीच. धुरपाची बहीण दाखवलीय."

"डोळं तुज्या आयचं काडल्यात. यशीचं."

पवननं पडद्याचा उजेड कमीजास्त केला. मग कप आले. शोकेस उघडली, पातेलं उकळलं, करंगळी वर झाली. इथं मुंबईच्या ऑफिसात लोक टेबल बडवून हसले होते. भामाबाईनं प्रसंग संपेपर्यंत पापणी हलवली नाही. संपल्यावर उठून बाहेर गेली, पापड्या उलट्या केल्या, परत आली.

"हे तुला कुनी सांगितलं?"

"आईनं."

"काय म्हनली?"

"की तू करायचीस. सोमवारी. बाराच्या बारा कप."

"अकरा. येक माज्या हातनं फुटल्याला, पयल्याच साली."

पवन पुढं सरकला. "म्हणजे खरंय!"

"खरंय," भामाबाई म्हणाली. "पर म्या न्हाई."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. या वेळी ती उठली नाही.

"माजा पाय मोडला व्हता त्या साली. बांधावरनं पडले. तू तवा वडगावला हॉस्टेलात. काम दुसरीकडं जाऊ नये म्हनून यशीला लावून दिली बंगल्यावर. आट म्हैनं गेली ती. अंगनवाडीतनं सुटली का धा मिनटांत ठेसनावर. पाय बरा झाल्यावर मी जाया लागले, तर आदल्या दिवशी हितं बसून मला सांगितलं तिनं. ताई, दर सोमवारी प्याले. येक बी सोडला न्हाई."

"आई?"

"मग कोन?"

"पण तू..."

"मी शिव्या देते रं. शिव्या उंबऱ्याच्या भाईर उभं ऱ्हाऊन देता येत्यात. ते तसलं कराया आत शिरावं लागतंय. तेवडी छाती न्हाई माजी. माजा कप मीटरच्या पेटीत. काडायचा, पायरीवर प्यायचा, धुवायचा, ठिवायचा. लय वर्सं झाली. आजून तितंच हाय."

"अजून?"

"आता स्टीलचा हाय. म्हातारीनंच बदलून दिला. मायेनं."

पवनला हसू येईना.

"तू काय म्हणालीस तिला? तिनं सांगितल्यावर?"

भामाबाईनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं, मग तो पदरात घेतला.

"मुस्काटात ठिवून दिली. म्हनलं, कळलं आसतं तर? काम गेलं आसतं माजं. चोरीचा आळ आला आसता. पोरं व्हती माजी बारकी." ती थांबली. "गाल लाल झाल्याला, आन हसतीया. म्हंती, ताई, त्यांच्या कपाचा काठ पातळ हाय. च्या लय गोड लागतो त्यातनं. येकदा पिऊन बग."

"प्यालीस?"

"न्हाई."

भामाबाईनं लॅपटॉपकडं बोट केलं, तो बंद कर म्हणून.

"माज्या नावावर घातलं व्हय तिनं. घालूदे. खपलं आसतं म्हनून घातलं. सोता केलं म्हनली आसती, तर तुला खरं वाटलं आसतं?"

पवनच्या डोक्यात आईही होती, पण पहिली नव्हती. पहिली होती छत्तिसावी दुरुस्ती. सांगणारं माणूसच जिवंत नव्हतं. सोमवारी कॅमेऱ्यासमोर कुणी काही बोललं नाही तर प्रसंग जाणार. अमृता 'सॉरी' म्हणणार, आणि तो परत वरच्या मजल्यावर जाऊन आपल्या हातानं ती दोन मिनिटं कापणार. त्यानं हे सगळं मावशीला सांगितलं. यादी, लीगल, सही.

"एवडंच ना? मी केलं म्हनून सांगते की उद्या."

"सांगशील?"

"त्यात काय. माज्या नावावर काय बी खपतंय."

बंगल्याचं काम अजून तिच्याकडं होतं. मालिका बंगल्याच्या मालकांचा मुलगा बघत असणार, नाही तर त्याचे मित्र. हे पवनला कळत होतं. त्यानं विचारलं नाही. दडपणाविरुद्ध लढणारा हा माणूस म्हणाला, "बरं. मग उद्या दहाला येतो त्यांना घेऊन."

"गुडघं बी गेल्यात माजं," भामाबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली. "कवातरी सोडायचंच हाय."

सोमवारी तेजल आली. केस बांधलेले, पायात बूट, हातात टॅब. सोबत कॅमेरा सांभाळणारा विक्की, पिंपरीचा, पन्नाशीचा, पोट सुटलेला, आल्या आल्या मावशीला वाकून नमस्कार करून त्यानं तिला जिंकून घेतलं. भामाबाईनं ठेवणीतलं लुगडं काढलं होतं. दारातल्या पायरीवर तिला बसवलं, पदराला छोटा माइक लावला. पवन समोर, गोठ्याच्या सावलीत उभा राहिला.

"मावशी, धुरपा म्हणजे तुम्हीच ना?"

"व्हय. मीच ती टुं टुं."

तेजल खळखळून हसली. मग पाच मिनिटं चांगली गेली. भामाबाईनं पांढऱ्या गाडीवाल्याची गोष्ट सांगितली, हातवारे करून. एकदा काम करताना बंगल्यातल्या बाथटबमध्ये झोपलेला माणूस सापडला ती सांगितली. "म्या वरनं पानी सोडलं, म्हनलं उट रं बाबा, धुवायचाय टब!" वस्तीतल्या दोघी बायका येऊन कुंपणापाशी उभ्या राहिल्या. तेजलनं पवनकडं बघून अंगठा दाखवला.

"आता तुम्हाला एक सीन दाखवते, मावशी. बघा, आणि मग सांगा."

तिनं टॅब पुढं धरला. प्रसंग थोडा आधीपासून लागला. कुत्रा, पदर, चार पावलं. विक्की कॅमेऱ्यामागून हसला.

"सॉरी मॅडम. पण ही बाई एक नंबर आहे. आमच्या घरी सगळे हिचाच आवाज काढतात. बायकोला काही सांगायला गेलो, की झालंच." त्यानं मान वाकडी केली, आवाज पातळ केला. "जाऊ दे बाईऽऽ!"

कुंपणापलीकडच्या बायकाही हसल्या. त्यातली एक म्हणाली, "अगदी तश्शीच!"

भामाबाईनं विक्कीकडं पाहिलं. रागानं नाही. विक्कीचं हसू तरी अर्ध्यावर थांबलं. मग तिनं गोठ्याकडं, पवनकडं पाहिलं, आणि पवननं मान वळवली.

कप येऊन गेले. तेजलनं टॅब खाली घेतला.

"तर मावशी, हे कपांचं. खरंच केलंत तुम्ही असं?"

"न्हाई."

तेजल गोंधळली. "नाही म्हणजे... पवन म्हणाला होता की—"

"त्याला काय ठावं. मागं घे ते. आजून मागं. हां, थांब." चित्र पदरवालीवर थांबलं. भामाबाईनं तिच्या तोंडावर बोट ठेवलं. "हिनं. माजी धाकली भन. ह्याची आय. यशोधरा नाव तिचं, यशोधरा ओव्हाळ. लिवून घे. मी भ्याले, तिनं केलं. आन मी तिला मारली म्हनून, ते बी लिव."

विक्कीनं कॅमेरा बंद केला नव्हता. भामाबाईनं पदराचा माइक स्वतःच काढला, त्याच्या हातात दिला, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आत गेली.

तेजल फोन घेऊन रस्त्याकडं गेली. पवनला तिचे शब्द तुटक ऐकू येत होते. "नाही, बहीण... वारल्यात... हो, मुलगाच." पाच-सात मिनिटांनी ती परतली.

"अमृता मॅडम लीगलशी बोलल्या. व्यक्ती हयात नसली तर वारसाची सही चालते." तिचा आवाज मऊ झाला होता. "पण बोलावं तुम्हाला लागेल. जास्त नाही. आई अशी अशी होती, तिनं हे केलं, आम्हाला घरी सांगितलं. दोन मिनिटं. सीन राहील."

सीन राहील. छत्तिसावी दुरुस्ती हरली होती. पवननं कागद घेतला आणि मोटरसायकलच्या सीटवर ठेवून सही केली. 'मृत व्यक्तीशी नातं' या ओळीवर लिहिलं, मुलगा. मग मावशीच्या जागी पायरीवर जाऊन बसला. विक्कीनं त्याच्या शर्टाला माइक लावला. लावताना म्हणाला, "माफ करा हां साहेब, मला माहीत नव्हतं," आणि पवननं "तुम्ही काय केलंत," असं म्हटलं.

"रोल आहे," विक्की कॅमेरा सुरू करून म्हणाला.

"अगदी साधं सांगा," तेजल म्हणाली. "तुमच्या आई कशा होत्या?"

"शांत होती," पवन म्हणाला. हे वाक्य तयार होतं. सहा वर्षं लोकांनी विचारलं की तो हेच सांगायचा. "फार सोसलं तिनं. कधी कुणाला उलट बोलली नाही. आपलं काम, आपलं घर. आयुष्यभर तिनं—"

तो थांबला. तेजल मान हलवत होती, पुढं बोला म्हणून. छान येत होतं.

"हे काढा," तो म्हणाला.

"काय काढू?"

"आत्ता बोललो ते. सगळं काढा."

"चांगलं होतं खरं तर."

"काढा."

"ठीक. परत घेऊ. तुमचा वेळ घ्या." तिनं विक्कीकडं पाहिलं. "तुमच्या आई कशा होत्या?"

पवननं हात गुडघ्यांवर ठेवले. मग काढले. आठ महिने ती दर सोमवारी अंगणवाडीतून सुटून स्टेशनावर धावायची. सुट्टीत तो घरी यायचा, तेव्हा त्याला वाढून ती भिंतीला टेकून बसायची, आणि तो जेवता जेवता आपलंच सांगत असायचा. ती कशाकडं बघायची, ते त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं हजारो चित्रं काढली होती तिची. एकही बघून नाही.

"मावशी," त्यानं आत हाक मारली. "ती आणखी काय काय करायची?"

आत पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. तेजलनं विक्कीला नुसती खूण केली, बंद करू नकोस.